शिपायाचा रविवार



आगमनकाळ सुरू होतो तेव्हा आपल्या गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी संपत आलेली असते. बांध्यांमध्ये पुंजणे रचलेले असतात, कुठे मळणी चाललेली असते, धुऱ्यावर तुरी फुललेल्या असतात. घरात नाताळची चाहूल लागलेली असते. याच दिवसांत ७ डिसेंबर ही तारीख येते. १९४९ सालापासून आपला देश हा दिवस सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळतो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचा छोटा कागदी झेंडा छातीवर लावला जातो. लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा वायुदलाचा. त्या दिवशी जमा होणारा निधी माजी सैनिक, युद्धात अपंग झालेले जवान आणि वीरपत्नी यांच्या कल्याणासाठी वापरला जातो. शाळेत मुलांकडे झेंडे येतात, आपण दहा-वीस रुपये देतो आणि विसरून जातो.

आज मला तुमच्यापुढे दोन गोष्टी ठेवायच्या आहेत. एक, देशासाठी बंदूक खांद्यावर घेतलेला आणि आता आपल्या गल्लीत राहणारा माजी सैनिक. दुसरी, आपला रविवार: मिस्सा झाल्यानंतरचा, परसबागेचा, तलावाकाठचा, घरी केलेल्या पदार्थांचा साधा रविवार. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. पवित्र शास्त्र मात्र त्या एकत्रच ठेवते.

जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाचा विसावा अध्याय काढून पाहा. इस्राएलचे लोक लढाईला निघाले आहेत. सैन्याची जमवाजमव झाली आहे. आपल्याला वाटेल, आता अधिकारी शूरपणाचे भाषण करतील. पण ते सैनिकांना वेगळेच प्रश्न विचारतात. कोणी नवे घर बांधले आहे आणि अजून त्यात राहायला गेला नाही, असा कोणी आहे का? त्याने घरी जावे. कोणी द्राक्षमळा लावला आहे आणि अजून त्याचे फळ चाखले नाही, असा कोणी आहे का? त्यानेही परतावे. कोणाची सोयरीक झाली आहे आणि लग्न व्हायचे आहे? त्यानेही जावे. (अनुवाद २०:५-७)

घर, मळा आणि संसार या तीन गोष्टी देव रणांगणाच्या उंबरठ्यावर मोजतो. शिपाई काय गमावू शकतो हे देवाला नीट माहीत आहे. शिपाई प्राण तर देतोच, पण प्राण देण्याआधीही तो पुष्कळ देऊन चुकलेला असतो. स्वतः लावलेल्या आंब्याचे पहिले फळ त्याच्या वाट्याला येत नाही. लेकराने टाकलेले पहिले पाऊल तो बघत नाही. नाताळची रात्र तो चौकीवर काढतो. पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीत त्याचे किती रविवार गेले, याचा हिशेब कोणत्याही पदकावर कोरलेला नसतो.

म्हणून माझे आजचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. सैनिकाने आपल्याला जे राखून दिले ते म्हणजे हा साधा रविवार. आणि त्याचा खरा सन्मान म्हणजे हा रविवार आपण कृतज्ञतेने जगणे आणि त्यात त्याला त्याची जागा परत देणे.

काही जणांच्या मनात शंका येईल. आपण शांतीच्या राजाची वाट पाहत आहोत. आगमनकाळात यशया संदेष्ट्याचे वाचन होते, त्यात लोक तलवारी मोडून नांगराचे फाळ बनवतात. मग चर्चच्या पत्रिकेत सैनिकाचा गौरव कशाला? शंका रास्त आहे. ख्रिस्तसभा युद्धाचा गौरव करत नाही, कधी करू नये. पण युद्ध वेगळे आणि शिपाई वेगळा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर झाला. आपल्या ध्वजदिनाचीच ती तारीख. त्याच्या ७९व्या परिच्छेदात परिषद युद्धाच्या क्रूरपणाचा निषेध करते आणि त्याच ठिकाणी सैनिकांविषयीही बोलते. आपल्या देशाची सेवा करणाऱ्या सैनिकाने स्वतःला लोकांच्या सुरक्षिततेचा आणि स्वातंत्र्याचा सेवक मानावे, आणि त्याने ते काम नीट पार पाडले तर तो शांतता टिकवायला खरोखर हातभार लावतो, असा त्या शिकवणीचा आशय आहे. तेव्हा आपण बंदुकीला नमस्कार करत नाही. ज्या माणसाने ती ओझ्यासारखी वाहिली त्या माणसाला आपण जवळ करतो.

प्रभू येशूनेही तेच केले. कफर्णहूमला एक रोमी शताधिपती त्याच्याकडे आला. शंभर शिपायांवरचा अधिकारी, परक्या सत्तेचा माणूस. तो स्वतःसाठी काही मागत नव्हता. घरी आजारी पडलेल्या चाकरासाठी त्याचा जीव तुटत होता. येशू घरी यायला निघाला तेव्हा तो नम्रपणे म्हणाला की, प्रभूने आपल्या छपराखाली यावे इतकी आपली योग्यता नाही, त्याने नुसता शब्द बोलावा. हुकूम म्हणजे काय हे शिपायाला ठाऊक होते, म्हणून प्रभूच्या शब्दाचे सामर्थ्यही त्याला कळले. येशूला त्याच्या श्रद्धेचे आश्चर्य वाटले. (मत्तय ८:५-१३)

बंधूंनो आणि भगिनींनो, प्रत्येक मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी आपण सर्वजण याच माणसाचे शब्द आपल्या तोंडी घेतो. जगभरातील कॅथलिक लोक, पोप महोदयांपासून पहिला कम्युनियन घेणाऱ्या बालकापर्यंत, वेदीसमोर एका शिपायाची प्रार्थना म्हणतात. दर रविवारी आपण एका सैनिकाचे शब्द उसने घेतो. मग मिस्सा सुटल्यावर शेवटच्या बाकावर एकटा बसलेला सैनिक आपल्याला दिसू नये, हे बरे नव्हे.

तो एकटा का असतो? फौजेतील साधा शिपाई पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर घरी येतो. तेव्हा त्याचे वय चाळिशीच्या आतबाहेर असते. निवृत्त म्हटले की आपल्याला पांढऱ्या केसांचे आजोबा आठवतात. पण हा माणूस अजून उमेदीत असतो, मुले शाळेत असतात, बहिणीचे लग्न व्हायचे असते. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी भरती होते, आणि त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के तरुणांना पुढे कायम ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे यापुढे पंचविशीतले माजी सैनिकही आपल्या गावांत परत येतील. पेन्शनवर किंवा हाती आलेल्या रकमेवर घर भागत नाही, म्हणून पुष्कळ जण बँकेत, राइस मिलमध्ये, एखाद्या सोसायटीच्या फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून उभे राहतात. बारा-बारा तासांची ड्युटी, तीही अनेकदा रविवारी. सीमेवर त्याचा रविवार देशाने घेतला. गावी आल्यावर तो आपण घेतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. फौजेत प्रत्येक तासाला काम ठरलेले असते. पहाटे शिट्टी वाजते, परेड होते, जेवणाची घंटा होते, शेजारी जिवाला जीव देणारे सोबती असतात. घरी आल्यावर शिट्टी थांबते. हात रिकामे होतात. जे पाहिले ते बायकोला सांगवत नाही, मुलांना कळत नाही. कोणी गप्प होतो, कोणी चिडका होतो, कोणी बाटलीकडे वळतो. घरची माणसे म्हणतात, फौजेतून आल्यापासून हे बदलले. आपल्या जिल्ह्यात सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलांत रात्री जागवलेले पोलीस आणि राखीव दलाचे जवानही आहेत. कागदोपत्री त्यांची गणना माजी सैनिकांत होत नसेल, पण त्यांच्याही मनावर तेच ओझे असते.

रिकाम्या हातांना आणि जखमी मनाला काय उपाय? आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहू. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सेनेच्या ईएमई दलात होते आणि चांगले मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक गोळी मणक्यात रुतली, कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात असताना त्यांना उपचार म्हणून पोहायला सांगितले गेले. पदकाचा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. पाण्यात शरीर हलके होते, हात चालतात, एवढेच कारण होते. त्या पोहण्यातून पुढे १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे, अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत, त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी त्यांना मदतीचा हात दिला होता. देशाने त्यांना २०१८ साली पद्मश्री दिली, म्हणजे पदकानंतर तब्बल ४६ वर्षांनी. सन्मान उशिरा आला. पाणी मात्र वेळेवर मिळाले, आणि ज्याने पोहायला सुचवले त्याने त्या माणसाला आयुष्य परत दिले.

पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. तिथे चाकाच्या खुर्चीवर बसून जवान खेळ खेळतात, हाताने वस्तू बनवतात. ज्यांचे हातही चालत नाहीत त्यांच्यापैकी काहींनी तोंडात ब्रश धरून चित्रे काढायला शिकून घेतले. यावरून एक गोष्ट समजते. छंद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे. ज्याच्याकडून पुष्कळ काही हिरावून घेतले गेले त्यालाही, मी अजून काही घडवू शकतो, ही जाणीव छंदातून मिळते. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले, आणि आपला देव निर्माता आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात तर तो बाग लावतो. म्हणून वाफ्यात कोथिंबीर टाकणारा माणूस नकळत आपल्या पित्याचेच अनुकरण करत असतो.

रविवार यासाठीच आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली प्रभूच्या दिवसाविषयी खास पत्र लिहिले होते. मिस्सा हा रविवारचा गाभा. पण मिस्सा संपली की रविवार संपत नाही. विसावा, कुटुंबाचा सहवास, आजारी व वृद्धांची भेट, सृष्टीचा आनंद हे सारे त्या दिवसाचेच भाग आहेत. प्रेषित दमून परत आले तेव्हा येशूने त्यांना आणखी काम दिले नाही. एकांत जागी चला आणि थोडा विसावा घ्या, असे तो त्यांना म्हणाला (मार्क ६:३१). आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवराकाठी त्याने काय केले ते आठवा. रात्रभर मासेमारी करून थकलेल्या शिष्यांसाठी त्याने पहाटे निखारे पेटवले, त्यावर मासळी ठेवली, भाकर ठेवली आणि त्यांना न्याहारीला बोलावले (योहान २१). मृत्यूला जिंकून आलेल्या प्रभूने विजयाची मिरवणूक काढली नाही, त्याने स्वतः रांधून वाढले. त्याच्या हातांवर तेव्हाही जखमांच्या खुणा होत्या. जखमांच्या हातांनी शिजवलेली ती न्याहारी शिपायाला आपल्यापेक्षा जास्त समजेल.

आपल्या जिल्ह्याला देवाने तळ्यांचे दान दिले आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला नवेगावचा तलाव आहे, बोदलकसा आहे, चोरखमारा आहे, इटियाडोह आहे, आणि गावोगावी मामा तलाव व बोड्या आहेत. थंडीत तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. धानाच्या बांध्यांमध्ये सारसाची जोडी दिसली तर दिवस सार्थकी लागतो. यासाठी तिकीट काढून लांब जावे लागत नाही. सायकल काढावी, डब्यात भाकरी आणि जवसाची चटणी घ्यावी, मुलांना बरोबर न्यावे. गळ टाकायचा असेल तर तलाव ज्या मच्छीमार संस्थेकडे आहे तिची परवानगी घ्यावी, अभयारण्यात मात्र गळ नेऊ नये. घरी राहायचे असेल तर वड्या घालाव्यात, परसबागेत पालक-मेथी लावावी, बांबूची टोपली विणायला शिकावे. आणि आता नाताळ जवळ आला आहे, तेव्हा गव्हाणी घरीच करावी. बाजारातली चकचकीत गव्हाणी आणू नये. आपल्याकडे तणस आहे, बांबू आहे, माती आहे. बेथलेहेमच्या गोठ्यातही असेच काहीतरी असेल.

आता या सगळ्यात आपल्या सैनिक बांधवाची जागा कुठे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, त्याला कामासाठीच बोलावू नका. सणाच्या दिवशी गर्दी आवरायची असली, गाड्या लावायच्या असल्या की आपल्याला फौजी आठवतो. तो नाही म्हणत नाही, शिस्तीचा माणूस आहे. पण एखादा सण असा असू द्या की गाड्या आपण लावू आणि तो बायकामुलांसह पहिल्या रांगेत बसेल.

दुसरी गोष्ट, भेटल्याबरोबर त्याला लढाईच्या गोष्टी विचारू नका. किती जणांना मारले, असे मुले भाबडेपणाने विचारतात, मोठेही विचारतात. तो प्रश्न त्याच्या झोपेत पुन्हा येतो. त्याला विचारा, काका, गाठ कशी मारायची? गळाला आमिष कोणते लावता? चुलीविना आग कशी पेटवता? फौजेने त्याला अनेक कामे शिकवली आहेत: दोर बांधणे, तंबू उभारणे, कमी सामानात स्वयंपाक करणे, नकाशा वाचणे. युवकांनी त्याच्याकडून ती शिकावीत. शेजारी बसून काम करताना माणूस आपोआप बोलू लागतो. बोलला तर ऐका. गप्प राहिला तर तेही ठीक आहे.

तिसरी गोष्ट, आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली रखवालदार आहेत त्यांच्यासाठी. दुकान, गिरणी, संस्था, काहीही असो. विसाव्याच्या आज्ञेत देवाने चाकर आणि परका यांचीही नावे घातली आहेत (अनुवाद ५:१४). आपल्याकडे काम करणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, त्याला आठवड्यातून एक दिवस घरी मिळालाच पाहिजे. आपण सरोवराकाठी न्याहारी करावी आणि आपल्या फाटकावर दुसऱ्याने उपाशी उभे राहावे, हा प्रभूचा दिवस नव्हे.

चौथी गोष्ट, ज्या घरचा सैनिक परतलाच नाही त्या घरासाठी. वीरपत्नीला आणि वृद्ध आईवडिलांना वर्षातून एकदा शाल-श्रीफळ मिळते. त्यांना शालीपेक्षा माणसांची गरज अधिक असते. गव्हाणी करताना त्यांच्या नातवंडांना बोलावा. कुसल्या, करंज्या केल्या की एक ताट तिकडे जाऊ द्या, आणि ताट ठेवून लगेच परत फिरू नका, थोडा वेळ बसा. ध्वजदिनाच्या निधीला द्याच, पण पैशांबरोबर थोडा वेळही द्या.

शेवटी दोन शब्द माजी सैनिकांसाठी. माझ्या फौजी बांधवांनो, तुम्ही पुष्कळ वर्षे पहारा दिलात. पहारा देणाऱ्याला झोपेची लाज वाटते, विसाव्याची लाज वाटते. आता पहारेकरी बदलला आहे. इस्राएलचा राखणारा झोपत नाही, डुलकीही घेत नाही, असे स्तोत्रकर्त्याने सांगितले आहे. तुमच्या वाट्याचा पहारा आता त्याच्यावर सोपवा. मनात काही सलत असेल, हुकूम म्हणून केलेले काही विसरत नसेल, तर प्रायश्चित्त संस्कार तुमच्यासाठी खुला आहे. देवाच्या दयेला कोणतीही सीमारेषा नाही. झोप येत नसेल, दारू सुटत नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नका. गोळी लागल्यावर रुग्णालयात जायला तुम्ही लाजला नसता. आणि तुम्ही लावलेल्या झाडाचे फळ आता स्वतः चाखा. अनुवाद ग्रंथातील अधिकारी ज्याला घरी पाठवत होते तो माणूस आज तुम्ही आहात.

मीखा संदेष्ट्याने पाहिलेल्या शांतीच्या दिवसात प्रत्येक माणूस आपल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली निर्धास्त बसलेला आहे. आपल्याकडे द्राक्षवेली नसतील. मोहाचे झाड आहे, आंबा आहे, अंगणातला मांडव आहे. त्या सावलीत एक खाट टाका. तिच्यावर एक जागा त्याच्यासाठी ठेवा, ज्याने इतकी वर्षे बर्फात आणि वाळवंटात उभे राहून ती सावली आपल्यासाठी राखली.

आपण प्रार्थना करू या. हे शांतीच्या राजा, आमच्या धर्मग्रामातील आणि आमच्या जिल्ह्यातील सर्व आजीमाजी सैनिकांना तुझ्या हाती देतो. जे सीमेवर आहेत त्यांना सुखरूप घरी आण. जे परतले आहेत त्यांच्या मनाला विसावा दे. जे परतले नाहीत त्यांना तुझ्या घरी सार्वकालिक विसावा दे आणि त्यांच्या माणसांना धीर दे. ज्यांना आम्ही शत्रू म्हणतो त्यांच्याही घरी आईबाप वाट पाहतात, हे आम्हांला विसरू देऊ नकोस. तलवारींचे फाळ होतील तो दिवस लवकर आण, आणि तोपर्यंत तू दिलेला प्रत्येक रविवार कृतज्ञतेने जगायला आणि वाटून घ्यायला आम्हांला शिकव. आमेन.